1996ची मारुती आणि जळगावचा मे

वडिलांनी 1996 साली घेतलेल्या मारुती 800चा एसी सहा वर्षं बंद आहे. तो पुन्हा चालू करावा का, हा विषय परवा रात्री कट्ट्यावर मीच काढला.

अण्णांचं मत ठरलेलंच होतं. "796 सीसीचं इंजिन. कॉम्प्रेसर त्याच्याच पट्ट्यावर फिरणार. चार माणसं बसवून एसी लावलास तर चढावर गाडी रडेल. त्यात 2026ला पुन्हा पासिंग. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हेच. नापास झाली तर खर्च पाण्यात. काचा उघड्या ठेव."

"अण्णा, 44 अंशांत काचा उघडल्या की झळ आत येते, वारा नाही. आईला अमळनेरला कशी नेऊ? ती 74 वर्षांची आहे."

अण्णा गप्प झाले, पण पटलं नव्हतं.

एका गॅरेजवाल्याने मला सांगितलं होतं, जुन्या आर-12 गॅसच्या जागी हायड्रोकार्बन गॅस भरू, बाकी काही बदलायला नको, स्वस्तात होईल. हे ऐकून मास्तर ताडकन उठले. शाळेत रसायनशास्त्र शिकवतात ते. "अरे, तो स्वयंपाकाच्या गॅसच्या घरातला! कूलिंग कॉइल डॅशबोर्डमध्ये असते. गळली तर गॅस थेट बसणाऱ्यांपाशी. एक ठिणगी पुरे. आईला त्यात बसवणार तू?"

त्या वाक्यानंतर स्वस्ताचा विषय माझ्यापुरता संपला. आर-12 परत भरण्याचाही प्रश्न नव्हता. ओझोनला मारक म्हणून त्या गॅसचं उत्पादन मॉन्ट्रियल करारानुसार 2010पासून बंद आहे.

राहिला आर-12च्या जागी आलेला 134ए गॅस. इथे पक्या बोलायला लागला. गाड्यांच्या एसीचंच काम करतो तो. "नुसता गॅस बदलून भागत नाही. आर-12चं मिनरल ऑइल 134एसोबत फिरत नाही, कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. सिस्टिम धुवायची, ऑइल बदलायचं, सगळ्या ओ-रिंगा, म्हणजे जोडांमधल्या रबरी कड्या, नव्या. ओलावा शोषणारा ड्रायर तर बदलायचाच. सहा वर्षांत त्याने दमट हवा पिऊन घेतलीय. आत पाणी राहिलं की गॅसशी मिळून आम्ल होतं आणि कॉइल आतून खातं. मग पंपाने आतली हवा खेचून व्हॅक्यूम मारायचा, निदान अर्धा तास, आणि गेजचा काटा जागचा हलत नाही ना ते पाहायचं. गॅस मूळ मापापेक्षा थोडा कमीच भरायचा. आणि आपल्या उन्हात जुना कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी, कमी पडेल. नवा, जास्त उष्णता टाकणारा पॅरलल फ्लोचा बसव, पुढे पंखा दे."

"म्हणजे जवळजवळ सगळंच नवीन," अण्णा म्हणाले.

"कॉम्प्रेसर सोडून. तो गेला असेल तर मीच सांगेन, नको करू. रविवारी आधी नायट्रोजन भरून गळती कुठेय ते बघू. त्याआधी एक पैसा घालायचा नाही."

मला हे पटलं. निर्णय गाडीच्या वयावर घ्यायचा नव्हता, गळती कुठे आहे त्यावर घ्यायचा होता. वडिलांची गाडी विकायची नाही हे माझं पक्कं आहे. मग ती आईला उन्हाळ्यातही बसता येईल अशी असावी.

गाडी समोरच उभी होती. दिव्याखाली बॉनेट उघडलं. पक्याने कॉम्प्रेसरची क्लच प्लेट हाताने फिरवली. जड होती, पण खरखर न करता पूर्ण वेढा फिरली. अण्णांनी वाकून स्वतः आणखी एकदा फिरवून पाहिली.

"रविवारी किती वाजता?" त्यांनी पक्याला विचारलं. "मीही येतो."