मिस्टर बोटीवर असतात

फेरीबोट पलीकडे धोपाव्याला, मी अलीकडे दाभोळच्या धक्क्यावर, आणि हातातल्या कादंबरिकेची शेवटची पानं उरलेली. प्रस्तावना एवढीच. लिहायचं आहे ते शेजारच्या आजोबांबद्दल, कारण राग अजून गेलेला नाही.

आजोबा कोर्टातून रिटायर झालेले. छत्री गुडघ्यांत, आमसुलांची पिशवी मांडीवर आणि डोळे माझ्या पुस्तकात. मी पान उलटायला गेले की "थांब गो!" फुकट वाचायचं तर निदान भरभर तरी वाचावं.

"लग्न खोटं म्हणजे काय गो?" त्यांनी शेवटी विचारलंच.

मी सांगितलं. साल 1815. घरून पळालेली श्रीमंत मुलगी, रजेवरचा कप्तान, स्कॉटलंडचा पाऊस आणि रस्त्यावरच्या सराईत खोली एकच शिल्लक. (अशा गोष्टींत खोली एकच शिल्लक असते, मे महिन्यातल्या गणपतीपुळ्यासारखी.) कप्तान सराईवाल्याला ठोकून देतो, ही माझी बायको. मग दोघं आठवडेच्या आठवडे नवरा-बायकोचं नाटक करत राहतात.

"पळाली कशाला?"

हे मला आवडतं, म्हणून मी उत्साहाने सांगत सुटले. इंग्लंडात 1753 साली कायदा झाला. चर्चमध्ये आधी जाहीर पुकारा करा नाहीतर परवाना काढा, परवान्याला एकविसाच्या आतल्यांनी बापाची संमती आणा. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. म्हणून पोरंपोरी सरहद्द ओलांडून ग्रेटना ग्रीन नावाच्या गावी पळत आणि लोहाराच्या ऐरणीसमोर लग्न लावून घेत.

"लोहार? आणि मुहूर्त?"

"मुहूर्त नाही. भटजी, पाद्री कुणीच लागत नसे. दोघांनी मनापासून एकमेकांना नवरा-बायको म्हटलं की झालं. आणि नवरा-बायको म्हणून राहिले, गावही तसंच समजायला लागलं, तर कोर्टही ते मान्य करायचं. हा गाव समजण्याचा नियम तर 2006 पर्यंत चालू होता."

आजोबांनी छत्री आपटली. "मग यांचं झालंच की! सराईवाला साक्षीला, गाव साक्षीला. शेवटी हेच निघणार बघ. आपल्याकडे सातवं पाऊल लागतं. 1955 चा कायदा, कलम सात."

शेवट गेला. शंभरावर पानं मी ज्या गाठीसाठी वाचली, ती यांनी न वाचता, बसल्या जागी, कलमासकट सोडवली.

एवढ्यावर थांबले असते तरी मी माफ केलं असतं. पण आजोबांनी पुस्तकावरून नजर काढली आणि माझ्या गळ्याकडे नेली. "तुझं झालं का?"

पलीकडच्या बाकावर एक गृहस्थ तासभर पेपर वाचत होते. त्यांना कुणी विचारलं का, तुमचं झालं का, का नाही झालं, पत्रिका कुठे अडली? पुरुष वाचत असला की तो वाचत असतो. बाई वाचत असली की ती रिकामी बसलेली असते, आणि रिकाम्या बाईची चौकशी करणं हे गावाचं कर्तव्य. खरं उत्तर दिलं की पुढे काय होतं ते मला पाठ आहे. आधी हळहळ, मग कुणाचा तरी पुतण्या.

म्हणून म्हटलं, "झालं. मिस्टर बोटीवर असतात."

कोकणात याहून सुरक्षित नवरा नाही. दिसत नाही, फोन लागत नाही, पगार बरा. पण मासळीची पाटी घेऊन बसलेली एक मावशी लगेच वळली. "माझा दीर पण बोटीवर! कंपनी कुठली?"

"परदेशी आहे."

"गाव?" आजोबांनी उलटतपासणी हातात घेतली. गुहागर म्हणावं तर हे वरचा पाट की खालचा पाट विचारणार. मी लांबचं गाठलं. "मालवण."

"मालवणात माझी बहीण दिलीय! मेढा की धुरीवाडा?"

"मेढा," मी म्हटलं. दोनच पर्याय दिले होते. आडनाव विचारलं, सुचलं ते सांगितलं.

"गळ्यात काही दिसत नाही ते?" मावशी.

"सोन्याचा भाव बघितलात का?"

यावर मात्र पूर्ण धक्क्याचं एकमत झालं. पेपरवाल्या गृहस्थांनीसुद्धा मान डोलावली. तेवढ्यात बोट सुटली असती तर मी सुटले असते. पण ती पलीकडे एक ट्रक चढवत होती, आणि आजोबांनी बहिणीला फोन लावला. स्पीकरवर.

"अगो, तुमच्या मेढ्यातली सून भेटलीय इथे. बोटीवर असतो ना तो, त्याची बायको." आणि माझं ते सुचलेलं आडनाव.

मी पुस्तक मिटलं. आता पलीकडून 'असं कुणी नाही इथे' येणार, मावशी पाटी सरकवून बसणार, आणि बोटीवर सगळ्यांदेखत मी एकटी उभी राहणार.

"हो, हो!" फोनमधून खणखणीत आवाज आला. "ओळखते की! चांगला मुलगा आहे. पण लग्नाला बोलावलं नाही हो आम्हाला."

आजोबा माझ्याकडे बघायला लागले. मावशी बघायला लागली. पेपर खाली आला.

"घाईत झालं हो," मी फोनकडे वाकून म्हटलं.