‘नगरसेवकाचा रोजगाराशी काय संबंध?’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

पालिकेच्या निवडणुका आल्या की एक मजकूर हमखास फिरतो. सार असं : रोजगारावर बोलणारा नगरसेवक निव्वळ फेकतो. नोकऱ्या हा दिल्लीचा आणि मंत्रालयाचा विषय. पालिकेकडे ना अधिकार, ना पैसा. त्याने नळ, गटार, दिवे बघावेत. आणि धंद्यापाण्याची एवढीच काळजी असेल तर रस्त्यावरच्या हातगाड्या उचलाव्यात, दुकानदार दुवा देतील.

मजकूर पटकन पटतो, कारण त्यामागची चीड खरी आहे. ‘शहरात एमआयडीसी आणणार’ असं छापणारे उमेदवार मीही पाहिलेत. एमआयडीसी हे राज्याचं महामंडळ, ती कुठे उभी राहायची हे पालिकेच्या सभागृहात ठरत नाही. ‘पाच हजार तरुणांना नोकऱ्या’ हीदेखील त्याच पठडीतली थाप. त्यांची टिंगल खुशाल करा. पण मजकूर तिथे थांबत नाही, आणि पुढे तो चुकतो.

अधिकार नाही म्हणता? १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. त्यातल्या १८ विषयांत ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ आहे, ‘नागरी दारिद्र्य निर्मूलन’ही आहे. राज्यांनी यातलं प्रत्यक्षात पालिकांच्या हातात किती दिलं, हे भांडण वेगळं. पण हा विषयच पालिकेचा नाही, असं कुणी म्हणू नये.

पैशाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि महापालिका राज्याच्या भरपाईवर येऊन बसल्या. छोट्या नगरपरिषदांचं तर अनुदानाशिवाय पान हलत नाही. पण मुंबई महापालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. तेव्हा सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नका. आणि खरा प्रश्न पैसा किती हा नसून तो कुणाच्या हातून खर्च होतो, हा आहे. अख्ख्या शहराच्या सफाईची एकच निविदा काढायची आणि तिला कोट्यवधींच्या उलाढालीची अट घालायची, म्हणजे गल्लीतला बचत गट दारातूनच परत. तेच काम प्रभागवार तोडलं तर तो निदान अर्ज तरी भरेल. महापालिकेत असे ठेके मंजुरीला स्थायी समितीपुढे येतात. तिथे नगरसेवक बसतात, मंत्री नव्हे.

‘गटार बघा’ म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं : ते गटार उपसणारा माणूस कुणाच्या पगारावर आहे? बहुतेक ठिकाणी ठेकेदाराच्या. ठेकेदाराने पगार थकवला तर कायद्याने मूळ मालक म्हणून पालिकेवर जबाबदारी येते. मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना आपण पालिकेचे कामगार आहोत हे सिद्ध करायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, २०१७ पर्यंत थांबावं लागलं. किमान वेतन, पीएफ, हातमोजे, गमबूट या गोष्टींवर सभागृहात प्रश्न विचारणं हेच नगरसेवकाचं रोजगार धोरण. त्याला वेगळा जाहीरनामा लागत नाही.

पुण्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या कामगारांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ मध्ये करार केला. कालपर्यंत कचराकुंडीत हात घालणारी बाई ओळखपत्र लावून दारोदार कचरा घेऊ लागली. शुल्क घरांकडून तिला मिळतं, सुका माल विकून वर चार पैसे येतात. हजारो बायकांचं पोट यावर चालतं. ना कारखाना आला, ना गुंतवणूकदार परिषद भरली. महापालिकेचा एक करार झाला. म्हणून तर तो संपत आला की ‘खासगी ठेकेदाराला द्या’ हा सूर लागतो, आणि त्या वेळी सभागृहात कोण बसलंय याला किंमत येते.

(शिलाई मशीन वाटपाला मी यात धरत नाही. ओळखीच्या तीन घरांत ती मशीन माळ्यावर आहेत. शिवायला काम कुठून येणार, हे वाटणाऱ्याने विचारलंच नव्हतं.)

आता हातगाड्या. त्या उचलल्या की व्यापार वाढतो, हे ऐकायला बरं वाटतं. पण भाजीसाठी गाडीपाशी थांबणारं गिऱ्हाईकच शेजारच्या दुकानातून साबण नेतं. रस्ता मोकळा झाला की त्या जागी दुचाक्या लागतात. शिवाय पथविक्रेत्यांचा २०१४चा कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला हटवता येत नाही. नंतर हटवायचं झालं तरी ३० दिवसांची नोटीस लागते. याच कायद्याने नेमायच्या शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. समितीचा अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी असतो, नगरसेवक नव्हे, हे कबूल. पण पथविक्रीचा आराखडा करायचा पालिकेने आणि उपविधी म्हणजे स्थानिक नियमही तिनेच करायचे. विकास आराखड्यात मंडईसाठी ठेवलेल्या जागेचं आरक्षण बदलण्याचा प्रस्तावही सभागृहात येतो, आणि हात वर करून तो मंजूर होतो. मंडई गेली की तिथले विक्रेते रस्त्यावर येतात, मग त्यांच्यावरच अतिक्रमणाची गाडी जाते.

परवा आमच्या गल्लीत प्रचाराला आलेल्या उमेदवाराला मी एवढंच विचारलं : आपल्याकडे फेरीवाला समितीची शेवटची बैठक कधी झाली? त्याने सोबतच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं, कार्यकर्त्याने पत्रकाकडे. पत्रकावर लिहिलं होतं, ‘प्रत्येक हाताला काम’. कोपऱ्यावरचा वडापाववाला तेवढ्यात म्हणाला, “दादा, माझ्या हाताला आहे काम. फक्त गाडी उचलू नका.”