‘औषध लागलं तर दूध-तूप द्या’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागांच्या फवारण्या सुरू आहेत आणि ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “फवारताना औषध लागलं तर दवाखान्यात पळू नका. मीठपाणी पाजून उलटी काढा, वर दूध-तूप द्या, सावलीत झोपवा. तोंडात गेलं नसेल तर बाधा होतच नाही.” यातली एकही गोष्ट बरोबर नाही आणि प्रत्येकीने माणूस दगावू शकतो.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घात तेच करतं. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं कातडीतून आत जातात. पाठीवरचा पंप गळून शर्ट भिजला, तोच अंगावर वाळू दिला, एवढं पुरतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले. फवारता फवारताच विष त्यांच्या अंगात भिनलं होतं.

युद्धात वापरायची नसांवर घात करणारी विषं, म्हणजे नर्व्ह एजंट, याच कुळातली. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत असतानाच टॅबून हाती लागला, पुढे सरीन. दोन्हीकडे घात एकच: नसांचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलिन काम झाल्यावर साफ करणारं एन्झाइम बंद पडतं आणि निरोप थांबतच नाही. म्हणून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, छातीत घरघर, स्नायूंचं फडफडणं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून देण्याआधी बाहुल्या आणि लाळ बघा. मात्र बाहुल्या नेहमीसारख्या दिसल्या म्हणून निर्धास्त होऊ नका.

पहिलं काम कपडे काढण्याचं. मग साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. केस, नखं, कानामागची जागा विसरू नका. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवा. हे करणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत, नसतील तर हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडलं गेलं, तेव्हा रुग्णांच्या कपड्यांवरून उडालेल्या वाफेने दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला होता. भिजलेला शर्ट घरच्या धुण्यात टाकू नका. पिशवीत बांधून वेगळा ठेवा.

उलटी काढू नका. गुंगीतल्या किंवा झटके येणाऱ्या माणसाची उलटी श्वासनळीत जाते आणि औषधातलं सॉल्व्हंट फुफ्फुस जाळतं. मीठपाण्याने रक्तातलं मीठ धोकादायक वाढू शकतं, तो वेगळाच घोर. दूध-तुपाने विष उतरत नाही. पोट भरतं, उलटीचा धोका वाढतो आणि तेवढा वेळ हातचा जातो.

झोपवून निघून जाणं तर फारच वाईट. यात माणूस श्वास थांबून जातो. डाव्या कुशीवर करा, तोंडातली लाळ बाहेर येऊ द्या, एकजण श्वासावर लक्ष ठेवून बसा आणि १०८ ला फोन करा. तोंडाला औषध लागलं असेल तर तोंडाने श्वास देऊ नका.

दवाखान्यात छातीतली घरघर थांबेपर्यंत अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. सोबत पॅम (बंद पडलेलं एन्झाइम पुन्हा चालू करणारं इंजेक्शन) देतात, पण ते लवकर दिलं तरच उपयोगी पडतं, कारण उशीर झाला की विष त्या एन्झाइमला कायमचं चिकटतं. म्हणून औषधाची बाटली, निदान लेबलचा फोटो, सोबत न्याच. बुरशीनाशकाची बाधा निराळी, तिच्यावरचा इलाजही निराळा. नावच कळलं नाही तर डॉक्टरांचा मौल्यवान वेळ अंदाज बांधण्यात जातो.

आणि बरं वाटलं म्हणून दुसऱ्याच दिवशी पेशंट घरी आणायची घाई करू नका. एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणं, श्वास अपुरा पडणं असा दुसरा झटका येऊ शकतो. घरी आल्यावर मान ढिली वाटली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री परत दवाखाना गाठा.