विमानवाल्यांचं कसलं नुकसान, असं विचारणाऱ्यांसाठी

सकाळी एका ग्रुपवर फोटो आला. खाडीलगतच्या त्या छोट्या धावपट्टीवरच्या फ्लाइंग स्कूलचा, हँगरमध्ये गुडघाभर गढूळ पाणी आणि मध्ये एक विमान उभं. खाली कोणीतरी लिहिलंय, "विमानवाल्यांचं कसलं नुकसान, त्यांचे बाप भरतील." त्यावर अंगठे, हसरे चेहरे. त्यात आपल्या चिपळूणचे लोक आहेत याचा जास्त राग आलाय. माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दोन विजेच्या मोटारी उघडून ठेवल्यात, त्यांना सकाळपासून हात लावलेला नाही, आधी हे लिहून टाकतो.

धावपट्टीचं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे आणि त्या पोरांना अजून तिथेच शिकायचंय. माझा संबंध एवढाच की त्यांचे पंप, जनरेटर, कॉम्प्रेसर यांची कामं माझ्याकडे असतात. त्या निमित्ताने गेली काही वर्षं जाणं येणं आहे, तिथल्या मेकॅनिक काकांशी चहापाण्याची ओळख आहे.

मागच्या पावसाळ्यात असंच पाणी भरलं होतं त्या रात्री मी तिथे होतो. अमावास्येचं उधाण होतं, दिवसभर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि संध्याकाळी काकांचा फोन आला की जनरेटर वर उचलायचाय, येताय का. गेलो. बघतो तर पोरं पाण्यात उतरून विमानं ढकलतायत. विशी बाविशीची पोरं, कोणी जालन्याचं, कोणी साताऱ्याचं, एक मुलगी आपल्या देवरुखची. सेसना १५२ म्हणजे दोन माणसांचं विमान, रिकामं असताना पाचेकशे किलोचं, कोरड्या जमिनीवर दोघं जण आरामात ढकलतात, पण चिखलात पुढचं चाक रुतलं की हलत नाही. आणि कुठेही हात लावून चालत नाही. काका अंधारात ओरडत होते, पंख्याला धरू नका, शेपटीच्या पत्र्यावर जोर देऊ नका, स्ट्रटला धरा, स्ट्रटला! (स्ट्रट म्हणजे पंखाला खालून आधार देणारी दांडी.) एकेक करून सगळी विमानं धावपट्टीच्या उंच टोकाला नेली, दोरांनी बांधली. त्या रात्री कोणी कोणाचा बाप काय करतो विचारत नव्हतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. विमानांना हात लावायच्या आधी काकांनी त्या देवरुखच्या मुलीला ऑफिसात पिटाळलं होतं, कपाटातली लॉगबुकं काढायला. ती खताच्या गोणीतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर घेऊन आली, पाणी तिच्या मांडीपर्यंत. मी विचारलं, काका, वह्या कसल्या वाचवताय, विमानं बुडतायत ना. काका म्हणाले, "विमान भिजलं तर मी दुरुस्त करीन. हे भिजलं तर त्याचा जन्मच पुसला." नंतर नीट समजावून सांगितलं. विमान आजवर किती तास उडालं, इंजिन कधी उघडलं, कुठला भाग कधी बदलला, कुठल्या इंजिनिअरने सही केली, सगळं त्या वह्यांत. त्या गेल्या तर समोर धडधाकट विमान उभं असलं तरी ते उडवायची परवानगी मिळवताना नाकी नऊ येतात.

आता मला सांगा, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदी बाजारात घुसली तेव्हा आपण काय वाचवत होतो? चोपड्याच ना? उधारीच्या वह्या, बिलं, बँकेची कागदपत्रं. माझ्या दुकानातल्या रिवाइंडिंगला आलेल्या मोटारी चिखलात गेल्या, लोकांच्या मोटारी, माझ्या नाहीत. तेव्हा पंचनामा करायला माणूस आला, चिखल तुडवत आला, आणि त्याने लिहून घेतलं. मदत किती मिळाली तो विषय सोडा, तुटपुंजीच होती. पण तुमचं नुकसान झालंय हे कोणीतरी कागदावर मान्य केलं त्याची किंमत चिपळूणकरांना मी सांगायला नको.

आणि या शाळेत मागच्या वर्षी पंचनाम्याला आलेले साहेब हँगरच्या दारात उभे राहून परत गेले. फॉर्मात विमानाला रकाना नाही म्हणे. अहो मग कॉम्प्रेसर लिहा! जॅक लिहा, बॅटऱ्या लिहा, सिम्युलेटरच्या खोलीतले कॉम्प्युटर लिहा, पोरांच्या होस्टेलच्या गाद्या लिहा! काहीच नाही. शेजारच्या टपरीचा झाला (व्हायलाच हवा होता, त्याचंही सगळं गेलं), भिंतीपलीकडच्या भातशेतीचा झाला, मधली शाळा तेवढी नकाशावरून गायब. यंदा पुन्हा तेच होणार, आणि आपले लोक हसरे चेहरे टाकतायत.

विमा असतो ना, असं कोणीतरी लिहीलच. असतो. विमानांचा असतो, आणि सर्व्हेअर येऊन पैसे हातात पडेपर्यंत ते विमान जमिनीवर असतं, तेवढे दिवस शाळेची कमाई शून्य आणि पोरांचे तास शून्य.

तास म्हणजे काय ते पण सांगतो कारण हेच कोणाला कळत नाही. कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः कॅप्टन म्हणून. शिकणारं पोर डोळ्याने बघून उडतं, त्याला निदान ५ किलोमीटर दिसायला हवं, ढग वर हवेत. कोकणात जून ते सप्टेंबर असे दिवस मिळतात किती? मधूनच एखादी उघडीप मिळते, सकाळचे दोन तास, त्यावर सगळ्यांचा डोळा. ती उघडीप आली आणि धावपट्टीवर गाळ असला तर? पोर होस्टेलवर बसून राहतं, होस्टेलचं भाडं चालू, कर्जाचं व्याज चालू. देवरुखच्या त्या मुलीच्या घरच्यांनी घर तारण ठेवलंय. लाखांत फी आहे, हो, श्रीमंतांची पोरंही आहेत तिथे, नाही म्हणत नाही. पण त्या रात्री डोक्यावर लॉगबुकं घेऊन उभी होती ती श्रीमंताची नव्हती.

आता पाणी येतं कुठून ते बोलूया, कारण "निसर्गापुढे काय करणार" हे ऐकून कान किटलेत. धावपट्टीच्या एका अंगाला व्हाळ (ओढा) आहे, तो पूर्वी सरळ खाडीला मिळायचा. धावपट्टीची कंपाउंड वॉल बांधली तेव्हा व्हाळ एका मोरीत कोंबला. नंतर शेजारच्या रस्त्याला भराव टाकून तो उंच केला. म्हणजे आता वरचं सगळं पाणी त्या एका मोरीवर, आणि मोरी अर्धी गाळाने भरलेली. पुढे खारबंदिस्तीचा, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणारा बांध आहे, त्याला उघाडी म्हणजे झडपेचं दार आहे. उघाडी कशी चालते ते आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, भाटा असताना आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते, पाणी खाडीत जातं, भरतीला बाहेरच्या दाबाने बंद होते. साधी गोष्ट, वीज लागत नाही, मोटर लागत नाही. फक्त मे महिन्यात जाऊन झडपेत अडकलेली लाकडं आणि प्लास्टिक काढायचं, बिजागरीला ग्रीस लावायचं. ते होत नाही. झडप अर्धवट उघडी राहते, उधाणाला खाडी आत येते आणि वरून पावसाचं पाणी येतं, दोन्हीच्या मध्ये हँगर. मोरी एका खात्याची, उघाडी दुसऱ्याची, रस्ता तिसऱ्याचा, जमीन चौथ्याची. शाळा बिचारी भाडेकरू! तिने स्वतःच्या पैशाने जेसीबी लावून मोरी उपसतो म्हटलं तर परवानगी नाही. वाशिष्ठीतला गाळ काढायला आपल्याला उपोषणाला बसावं लागलं होतं, विसरलात?

धावपट्टी सखल जागेत आहे, हे मान्य. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर असती तर हा प्रश्नच नव्हता, पण ती आजची नाही आणि शाळेने बांधलेली नाही. आणि सखल जागेत काय फक्त हीच आहे? कोचीचं विमानतळ २०१८ च्या ऑगस्टमध्ये दोन आठवडे बंद होतं. चेन्नईची एक धावपट्टी अड्यार नदीवरून जाते, २०१५ च्या डिसेंबरात तिथे विमानं पाण्यात उभी होती. मुंबईत मिठी नदी धावपट्टीखालून जाते, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि विमानतळ बंद झालं. तेव्हा कोणी म्हणालं का की विमानवाल्यांचं कसलं नुकसान? मोठ्यांचं नुकसान देशाचं, छोट्यांचं म्हणजे चोचले.

फार लांब कशाला, जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूला. ते जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून पावसाळ्याचे महिने सगळा संसार उचलून पुण्याला येरवड्याला न्यायचे. दोन वैमानिक, तीन मेकॅनिक, दोन विमानं एवढाच कारभार होता तेव्हा तो. त्याची गोष्ट आपण पोरांना कौतुकाने सांगतो. आज तसाच छोटा कारभार आपल्या किनाऱ्यावर कोणी करतंय तर त्याला घाटावर निघून जा म्हणतायत. जातीलही, धावपट्ट्या आहेत तिकडे. मग कोकणातल्या पोरांनी मुंबईला जाऊन हॉटेलातच नोकरी करायची का?

काकांशी आत्ताच फोनवर बोललो. आवाज बसलाय त्यांचा. रात्रभर जागे आहेत सगळे. लॉगबुकं यंदा आधीच वरच्या माळ्यावर ठेवली होती, ती सुरक्षित आहेत. एक विमान मात्र हलवता आलं नाही, एक चाक काढून जॅकवर ठेवलेलं होतं, तेच फोटोत दिसतंय. मोटरचं कॉइल भिजलं तर मी धुऊन, भट्टीत सुकवून, वॉर्निश मारून देतो, विमानाच्या इंजिनाला असलं चालत नाही. पाणी आत गेलं असेल तर पूर्ण उघडायचं, भाग भाग तपासायचा, परत कागद, परत सह्या. टाकीत पाणी गेलंय का ते तळातून पेट्रोल काढून बघायचं, पाणी जड म्हणून खाली बसतं, निळ्या पेट्रोलखाली वेगळं दिसतं. चाकांच्या बेअरिंगमधला चिखल काढायचा. ते सगळं करतील ते, काकांना येतं. ऐकताना वाईट वाटत होतं, आणि ते मलाच विचारत होते की तुमच्या बाजारात पाणी नाही ना भरलं.

तर ज्यांनी सकाळी अंगठे टाकले त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. तलाठी ऑफिसला कोणाची ओळख असेल तर एवढंच सांगा की या वेळी हँगरच्या आत या, बसून यादी करा, रकाना नसला तर "इतर" मध्ये लिहा. त्या भागातले सरपंच माझ्या लिस्टमध्ये आहेत. सरपंच, तुम्हाला वेगळा फोन करणार आहे, उघाडीचा विषय ग्रामसभेत घ्याच.

आणि आजचं काम. दुपारी भाटा लागला की मी दोन डिझेल पंप घेऊन निघतोय. प्रेशर वॉशर आहे. गोडं पाणी नाहीये तिथे, विहीर खारट झालीय. खाडीचं पाणी अॅल्युमिनियमवर सुकलं की पांढरी पूड धरते आणि पत्रा आतून खात जातो, त्यामुळे आजच्या आज गोड्या पाण्याने धुवायला हवं. कोणाचा पाण्याचा टँकर रिकामा असेल तर भरून पाठवा, डिझेलचे पैसे मी देतो. इनबॉक्सला सांगा, दुपारच्या आत.