नेट गेलं की आयपी हाताने टाका? आधी असलेला पत्ता वाचा तरी

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. त्याचा सारांश असा: नेट बंद पडलं की आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आपल्या मशीनचा पत्ता, हाताने १९२.१६८.१.१०० टाका, डीएनएस ८.८.८.८ केलं की स्पीड दुप्पट, पत्ता १६९.२५४ने सुरू झाला तर तुम्ही हॅक झालात. शेजाऱ्याचा पत्ता तुमच्यासारखाच असेल तर तो तुमचं नेट चोरतोय. काहीच जमलं नाही तर राउटर रिसेट करा. यात अर्धं खरं असं एकच वाक्य आहे.

हॅकिंगची भीती आधी काढून टाकू. १६९.२५४ हा पत्ता बाहेरून कुणी देत नाही. लॅपटॉप राउटरकडे पत्ता मागतो आणि उत्तर आलं नाही की स्वतःच असा एक कामचलाऊ पत्ता घेतो. म्हणजे हॅकर राहिला बाजूला, इथे राउटरशीच बोलणं होत नाहीये. बाकीच्या फोनवर नेट चालू असेल तर दोष त्या लॅपटॉपचा किंवा त्याच्या वायरचा. कुणालाच पत्ता मिळत नसेल तर राउटर बंद करून चालू करा.

हाताने आयपी टाकण्याचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. तुमचा पत्ता राउटरच्या पत्त्याशी जुळणारा हवा, आणि प्रत्येक राउटर १९२.१६८.१.१ वर बसलेला नसतो, कुणाचा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्यांचा सहसा १९२.१६८.२९.१. आकडे जुळले तरी तोच पत्ता राउटरने आधीच एखाद्या टीव्हीला दिलेला असेल, तर दोघंही अडखळतात.

उलट आपोआप मिळालेला पत्ता वाचला तर बरंच कळतं. जुन्या बिल्डिंगांत केबलवाल्याचा स्विच जिन्यात असतो आणि तिथून घरोघरी वायर जाते. कुणीतरी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा राउटर आणतो आणि बाहेरून आलेली वायर वॅनऐवजी (बाहेरच्या वायरसाठीचं भोक) लॅनच्या (घरातल्या उपकरणांसाठीच्या) भोकात खोचतो. झालं, आता त्याचा राउटर मजल्यावरच्या इतरांनाही पत्ते वाटू लागतो! ज्यांची वायर थेट कॉम्प्युटरला लागते, त्यांच्याकडे पत्ता येतो पण नेट चालत नाही. अशा वेळी डिफॉल्ट गेटवेचा, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर ज्या राउटरमार्फत बाहेर जातो त्याच्या पत्त्याचा, आकडा बघा. तो नेहमीचा नसेल तर तोच आकडा ऑपरेटरला सांगा. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीपेक्षा त्याला त्याचा कितीतरी जास्त उपयोग होतो.

शेजाऱ्याला चोर ठरवण्याआधी एवढं लक्षात घ्या: १९२.१६८ची मालिका १९९६च्या मानकानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवली आहे, जगभर लाखो घरांत तेच आकडे आहेत. इंटरनेटवर दिसणारा बाहेरचा पत्तासुद्धा तुमचा एकट्याचा असेलच असं नाही. आयपीव्ही४चे, म्हणजे अशा चार आकड्यांच्या पद्धतीचे, पत्ते जेमतेम ४२९ कोटी, आणि वाटपाचा जागतिक साठा २०११मध्येच संपला. म्हणून बऱ्याच कंपन्या एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ यांमधला पत्ता दिसला तर तुम्ही त्यातलेच. नेट वापरायला अडचण नाही, पण राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून गावाहून घरचा कॅमेरा बघता येणार नाही.

अर्धं खरं वाक्य डीएनएसचं. साइटचं नाव आकड्यांत बदलणं एवढंच त्याचं काम. ब्राउझरमध्ये १.१.१.१ टाकून पान उघडलं आणि नावाने साइट उघडत नसेल, तर डीएनएस जरूर बदला. प्लॅनचा स्पीड मात्र त्याने वाढत नाही.

आणि रिसेट? राउटर बंद-चालू करणं वेगळं, मागच्या बारीक छिद्रात पिन खुपसणं वेगळं. पिनेने ऑपरेटरने भरलेलं यूजरनेम-पासवर्डही पुसलं जातं, मग रविवारी रात्री त्याला फोन लावत बसायचं. डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर फायबरमध्येच बिघाड आहे. तिथे पत्ता बदलून काही होत नाही, तक्रार नोंदवा.