सत्तरीतला बीपी ‘चालतो’ हे कुणी सांगितलं?

आपल्या सातारा जिल्ह्यात कुठल्याही गावात जा. सत्तरीच्या माणसाचा बीपी एकशे सत्तर निघाला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "वय झालंय आता, एवढा असायचाच." तिथं विषय मिटतो. माझ्या जावळीतल्या आत्याच्या बाबतीत हेच झालं. वर्षानुवर्षं आकडा चढाच होता, दाखवलं तिथंही "या वयात एवढा चालतो" असंच ऐकायला मिळालं. मग एका पहाटे लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. हे वाक्य आपल्या घराघरांतून हद्दपार व्हावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एके काळी डॉक्टरही असंच मानायचे. वयात शंभर मिळवा, वरचा आकडा तेवढा असला तरी चालतो, असा ठोकताळा होता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा बीपी १९४४ मध्ये १८६/१०८ होता आणि त्यांचे खासगी डॉक्टर तो वयाच्या मानानं ठीकच धरत होते. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशीचा आकडा होता ३००/१९०. वय अवघं ६३.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम या गावात एक अभ्यास सुरू झाला. ३० ते ६२ वयाची ५,२०९ माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका. हृदयविकार नसलेल्या माणसांना दर दोन वर्षांनी बोलवायचं, बीपी, कोलेस्टेरॉल, वजन, सिगारेट, सगळं लिहून ठेवायचं आणि पुढं कुणाला काय होतंय ते बघत राहायचं. पद्धत एवढी साधी. पण चिकाटी बघा: १९७१ मध्ये त्यांची मुलं अभ्यासात आली, २००२ मध्ये नातवंडं. आज कुठलाही डॉक्टर ‘रिस्क फॅक्टर’ म्हणतो, तो शब्द या अभ्यासाच्या १९६१ मधल्या लेखामुळे रूढ झाला. दुकानदार, कामगार, घर सांभाळणाऱ्या बायका काही दुखत नसताना वर्षानुवर्षं तपासायला येत राहिल्या, तेव्हा कुठे जगाला कळलं की वाढलेला बीपी म्हणजे म्हातारपणाची खूण नव्हे, पुढच्या ॲटॅकचं आणि लकव्याचं कारण आहे.

आणखी एक समज तिथंच मोडला. आपल्याकडे अजून म्हणतात, "वरचा वाढलाय, पण खालचा चांगलाय ना, मग काही नाही." वयाबरोबर धमन्या ताठर होतात, वर्षानुवर्षं उन्हात पडलेली ठिबकची नळी होते तशा. त्यामुळे वरचा आकडा चढतो आणि खालचा उलट उतरतो. म्हणजे म्हातारपणात खालचा आकडा कमी दिसणं ही खुशीची गोष्ट असेलच असं नाही. फक्त वरचा वाढलेल्या साठीपुढच्या ४,७३६ लोकांवर अमेरिकेत चाचणी झाली. १९९१ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत लकव्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी. ऐंशीच्या पुढच्यांचं काय? त्यांच्यावरही झाली. २००८ मध्ये निकाल जाहीर झाला. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते, आणि फायदा इतका स्पष्ट दिसत होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. ऐंशीच्या पुढे!

एक खरं आहे. म्हाताऱ्या माणसाला जास्त गोळी झाली तर उठताना चक्कर येते, माणूस पडतो, खुबा मोडतो. म्हणून डोस हळूहळू वाढवायचा, बसून आणि उभं करून दोन्ही वेळा बीपी बघायचा. पण त्यासाठी डॉक्टरांशी बोला. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

वयाबरोबर बीपी वाढायलाच हवा असंही नाही. १९८८ मध्ये ३२ देशांतल्या दहा हजारांवर लोकांचा मिठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्राझीलच्या जंगलातली यानोमामी जमात होती, जी मीठ जवळजवळ खातच नाही. त्यांचा वरचा आकडा सरासरी शंभराच्याही खाली, आणि वय वाढलं तरी तो चढत नाही. आपल्या ताटात मात्र खर्डा, लोणचं, पापड, वर चिमूटभर मीठ वेगळं.

आणि मिश्री. यावर कुणी बोलतच नाही. आपल्या आया, आत्या, मावश्या पहाटे चुलीजवळ बसून दात घासतात ती भाजलेली तंबाखूच असते. दिवसातून चार-चार वेळा. "मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते," असं सांगणाऱ्या बायका मी किती ऐकल्यात. ५२ देशांतल्या हृदयविकाराच्या रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्याच माहितीवरून पुढं दिसलं की नुसती चघळायची तंबाखूसुद्धा ॲटॅकचा धोका दुपटीहून जास्त वाढवते. त्याच अभ्यासात आपल्या भागातल्या, म्हणजे भारत-पाकिस्तान-श्रीलंकेकडच्या माणसांना पहिला ॲटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकी देशांत तो जवळपास ५९ व्या वर्षी. मग ‘वय झालं’ हे आपण कुणाबद्दल म्हणतोय?

फ्रेमिंगहॅमचे लोक बहुतेक सगळे गोरे होते, त्यांचे हिशेब आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपली माहिती आपल्यालाच गोळा करायला हवी. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर ४५ च्या पुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. बीपी मोजला, मुठीची ताकदसुद्धा मोजली. असं कुणी दारात आलं तर ओळखपत्र बघा, शंका विचारा, पण "आमच्याकडे कुणी आजारी नाही" म्हणून परत पाठवू नका. आजारी नसलेल्यांचीच नोंद जास्त गरजेची असते.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्गबरोबर आपला सातारा होता. ठरलेल्या गोळ्या, ठरलेला क्रम आणि महिन्याभराच्या गोळ्या एकदम हातात, अशी त्याची रीत. सोय जवळ आली आहे, घरातली समजूत तेवढी आडवी येते.

जावळी, पाटणमधली निम्मी घरं मुंबईच्या पगारावर चालतात आणि गावात फक्त म्हातारी माणसं राहतात. तुम्ही यात्रेला गावी येताना दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन घेऊन या. आई-वडिलांना पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. आधी अर्धा तास चहा नको, मिश्री नको. दोनदा मोजा, वहीत तारखेसह लिहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. १४०/९० च्या वर येत राहिला तर ती वही घेऊन त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, आणि तुम्ही परत गेल्यावर दर महिन्याला कोण मोजणार हे निघायच्या आधी आशाताईंशी बोलून ठरवा.