सहन कर असं सांगायच्या आधी

"प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" हे बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायातलं वचन आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, जवळजवळ प्रत्येक लग्नात वाचतात. नवरा-नवरी दोघं समोर उभे असतात, वचन दोघांसाठी असतं. पण लग्नानंतर घरात काही बिनसलं की ते वचन फक्त सुनेला आठवण करून दिलं जातं. थोडं सोस, प्रार्थना कर, प्रभू बदलेल त्याला. नवऱ्याला बाजूला घेऊन "बाबा रे, तुझ्यात सहनशीलता कुठंय" असं विचारणारे वडीलधारे मला तरी फार थोडे दिसले.

मला आज एवढंच बोलायचंय की नम्रता आणि धीर ह्या गोष्टी ख्रिस्ताने आधी वरच्याकडून मागितल्या, आणि आपण त्या खालच्याकडून वसूल करतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय बघा. त्या काळी पाय धुणं हे घरातल्या गुलामाचं काम, धुळीच्या रस्त्याने चालून आलेले पाय ते. आणि तिथे उठून कमरेला रुमाल कोण बांधतं तर ज्याला सगळे गुरू आणि प्रभू म्हणतात तो. शिष्य पेत्र नको नको म्हणतो तरी प्रभू ऐकत नाही. आणि मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट म्हणजे यहूदा तेव्हा तिथेच होता, तो त्यानंतर उठून बाहेर गेला, म्हणजे धरून देणाऱ्याचेही पाय धुतले गेले. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कितीतरी चर्चमध्ये हा विधी करतात आणि छानच वाटतं ते बघायला, पण शुक्रवार उलटला की पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, निवडणुकीत कोण कुणाला पाडतो हे सुरू होतं, त्याचं खूप वाईट वाटतं.

असं जगणारी माणसं नाहीत असं नाही हं. आमच्या मंडळीत एक काका आहेत, चांगल्या मोठ्या पोस्टवरून रिटायर झालेले. प्रीतिभोजन झालं की पुरुष मंडळी गप्पा मारत उभी असतात तेव्हा हे खरकटी ताटं गोळा करत असतात, आणि घरी त्यांची आजारी बायको एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते तेव्हा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देतात. चर्चमध्ये उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला कधी पुढे आलेले नाहीत. माझ्या मते आमच्या मंडळीतली सगळ्यात मोठी साक्ष तीच आहे.

आणि काही लोक म्हणतात ना की माझा स्वभावच तापट, त्यांच्यासाठी रेव्हरंड टिळकांचं उदाहरण. नारायण वामन टिळक स्वभावाने किती रागीट होते हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीच मोकळेपणाने लिहून ठेवलंय. 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बाईंना केवढा धक्का बसला, दोघं कितीतरी काळ वेगळे राहिले. पुढे बाई परत आल्या तरी त्यांचं सोवळंओवळं चालूच होतं, आणि त्या काळी नवऱ्याने जबरदस्ती केली असती तर कोण विचारणार होतं? पण टिळकांनी धर्माच्या बाबतीत त्यांच्यावर सक्ती केली नाही, वाट बघितली. 1900 ला बाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. ज्याच्या हातात जोर करण्याची ताकद होती त्याने धीर धरला, म्हणून मला तो धीर मोठा वाटतो. ज्या बाईला दुसरा रस्ताच ठेवलेला नाही तिच्या गप्प बसण्याला आपण तेच नाव देतो हे मला पटत नाही.

आणि नम्र असणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. पंडिता रमाबाई पण बघा, केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुलींना सांभाळणारी, वर्षानुवर्षं बसून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणणारी बाई. पण 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या मोठमोठ्या धर्मगुरूंना आणि सिस्टर लोकांना जे पटलं नाही ते स्पष्ट लिहून कळवणारी पण हीच. त्यांना कुणी अहंकारी म्हणेल का?

दुसरा गाल पुढे कर हे वचन अशा वेळी नेहमी पुढे केलं जातं. पण योहान 18 मध्ये महायाजकासमोर शिपायाने चपराक मारली तेव्हा प्रभू काय करतो? तो शिव्याशाप देत नाही, उलटून मारत नाही, पण मी योग्य बोललो तर मला का मारतोस, असं सरळ तोंडावर विचारतो. हा भाग मी प्रवचनात फार कमी वेळा ऐकलाय.

म्हणून पाळकसाहेबांना आणि वडील मंडळींना माझी मनापासून विनंती, मार खाऊन आलेली बहीण तुमच्या दारात आली तर तिच्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण नुसती प्रार्थना करून तिला त्याच घरी परत धाडू नका. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात, 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, हे तिला सांगा, गरज पडली तर सोबत जा. आणि करिंथकरांस पत्राचा तो तेरावा अध्याय घेऊन जायचंच असेल तर त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याकडे जा, त्याच्यासमोर बसा आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा.